सेंट्रल लाइनचा संसर्ग आधी कळतो, म्हणजे नेमकं काय कळतं?

सेंट्रल लाइन ही शिरेतली नळी बसवलेल्या रुग्णाच्या रक्तात संसर्ग होण्याची शक्यता किती आहे, हे संगणकाला आधीच सांगता येईल का, यावर गेली काही वर्षं भरपूर काम चाललं आहे. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग संगणकाचा वाटत नाही. कोणत्या रुग्णाबद्दल, कोणत्या दिवशी, पुढच्या किती दिवसांसाठी आणि तो आकडा पाहून कोण काय करणार, हे ठरल्याशिवाय धोक्याच्या आकड्याला अर्थच येत नाही. पण हे पटायचं असेल, तर आधी ती नळी समजून घ्यावी लागते.

सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेला कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी. तो मानेतून, कॉलरबोनच्या खालून किंवा जांघेतून आत घालतात. दंडातून घालायचा लांब कॅथेटरही असतो, त्याला 'पिक लाइन' म्हणतात. मान, छाती किंवा दंडातून घातलेल्या नळीचं टोक जवळजवळ हृदयापाशी, वरच्या महाशिरेच्या शेवटी पोचतं. रक्तदाब टिकवून धरणारी तीव्र औषधं, बरीचशी केमोथेरपी, शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण या गोष्टी हाताच्या बारीक शिरेला सोसत नाहीत. मोठ्या शिरेत रक्ताचा ओघ जास्त असतो, त्यामुळे औषध लगेच पातळ होतं. जर्मनीतल्या व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं 1929 साली स्वतःच्याच हाताच्या शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत सरकवला आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केलं. पुढे 1956 साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. 1953 मध्ये स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी आधी सुई, मग तार आणि तारेवरून नळी अशी पद्धत मांडली. शिरेत नळी घालण्याचं आजचं काम बहुतांशी याच पद्धतीनं होतं.

जंतू आत शिरतात कसे?

त्वचा हा शरीराचा सगळ्यात भक्कम बंदोबस्त आहे, आणि ही नळी त्याच्यातून आरपार गेलेली असते. नळी घातल्यावर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत जंतू बहुधा बाहेरच्या बाजूनं येतात. छिद्राभोवतीच्या त्वचेवरचे जंतू नळीच्या पृष्ठभागाला धरून आत सरकतात. नळी जास्त दिवस राहिली की दुसरी वाट महत्त्वाची होते. जिथे सिरिंज जोडतात, सलाइनची नळी बदलतात, त्या तोंडातून म्हणजे हबमधून जंतू थेट नळीच्या पोकळीत उतरतात. शरीरात दुसरीकडे असलेला संसर्ग रक्तातून येऊन नळीवर बसणं, किंवा आत सोडलेलं द्रावणच दूषित असणं, या आणखी दोन वाटा आहेत, पण त्या मानानं विरळ.

पृष्ठभागावर एकदा बस्तान बसलं की जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातल्या जंतूंवर अँटिबायोटिकचा नेहमीइतका परिणाम होत नाही, म्हणूनच पुष्कळदा औषधांच्या जोडीला नळीही काढावी लागते. त्वचेवर एरवी निरुपद्रवी राहणारे स्टॅफिलोकोकस, अधिक घातक असा स्टॅफिलोकोकस ऑरियस, एंटेरोकोकस, क्लेब्सिएलासारखे जंतू आणि कँडिडा ही बुरशी हे यातले नेहमीचे गुन्हेगार.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. धोका नळीबरोबर एकदाच येऊन बसत नाही, तो रोज बदलतो. तिसऱ्या दिवशीचा धोका आणि पंधराव्या दिवशीचा धोका यांच्यामागची कारणंही वेगळी असतात. ड्रेसिंग सुटलं, काल शिरेतून पोषण सुरू झालं, पांढऱ्या पेशी घसरल्या, हबला दिवसातून कितीतरी वेळा हात लागला, की चित्र बदललं. रुग्ण दाखल होताना काढलेला एक आकडा आठवडाभर पुरेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मुळात 'संसर्ग झाला' असं कधी म्हणायचं?

हा भाग रुक्ष वाटेल, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं डळमळतं. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या देखरेख यंत्रणेची आहे. तिच्यानुसार नळी सलग दोन दिनांकांपेक्षा जास्त काळ आत असावी लागते, आणि संसर्गाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ती जागेवर असावी लागते. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीत, जंतू सापडावा लागतो आणि त्याचा उगम न्यूमोनिया किंवा लघवीच्या संसर्गासारख्या दुसऱ्या ठिकाणी नसावा लागतो. त्वचेवर सर्रास असणारा जंतू सापडला, तर तो नमुना घेताना मिसळला असण्याची शक्यता असते. म्हणून अशा जंतूसाठी वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन कल्चर जुळावी लागतात आणि सोबत ताप, थंडी किंवा रक्तदाब उतरणं यांपैकी काही असावं लागतं.

ही व्याख्या मोजदादीसाठी केलेली आहे. नळी आत असताना संसर्ग झाला, एवढंच ती म्हणते. नळीमुळेच झाला, हे ती सिद्ध करत नाही. ते पाहायला डॉक्टर एकाच वेळी नळीतून आणि हाताच्या शिरेतून अशी रक्ताची दोन कल्चर घेतात. नळीतल्या नमुन्यात जंतूंची वाढ किमान दोन तास आधी दिसली, तर दोष नळीचा असण्याची शक्यता बळावते. केमोथेरपीनं आतड्याचं अस्तर झिजलेल्या रुग्णात आतड्यातलेच जंतू रक्तात उतरतात. अशा रुग्णांना नळीच्या खात्यात टाकणं अन्यायाचं होत होतं, म्हणून 2013 पासून त्या यंत्रणेत त्यांचा वेगळा गट केला गेला.

धोक्याचा अंदाज बांधणारं संगणकाचं मॉडेल शिकतं ते अशा नोंदींवरून. 'उगम दुसरीकडे आहे' हा निर्णय शेवटी माणूसच घेतो, आणि दोन रुग्णालयांतली माणसं तो वेगवेगळा घेऊ शकतात. शिवाय डॉक्टरांना शंका आली तरच कल्चर पाठवलं जातं. जिथे शंका जास्त घेतली जाते तिथे संसर्ग जास्त सापडतो. एका ठिकाणी शिकलेलं मॉडेल दुसरीकडे कधीकधी का लंगडतं, याचं एक मोठं कारण मला इथेच दिसतं.

विभागाचा दर आणि एका रुग्णाचा धोका

रुग्णालयं संसर्गाचा दर 'दर 1000 कॅथेटर-दिवसांमागे' मोजतात. एका रुग्णाची नळी एक दिवस आत राहिली, की एक कॅथेटर-दिवस. एखाद्या विभागात महिन्याभरात सगळ्या रुग्णांचे मिळून 2500 कॅथेटर-दिवस झाले आणि 5 संसर्ग झाले, तर दर झाला 2. हा दर विभागाची तब्येत सांगतो. समोरच्या खाटेवरच्या रुग्णाबद्दल तो काहीच सांगत नाही.

आणि विभागाची तब्येत सुधारायला मॉडेल लागत नाही, हेही इथेच सांगायला हवं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच साध्या गोष्टी नेटानं करून घेतल्या: हात धुणं, नळी घालताना रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कापडानं झाकून स्वतः टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्ह्ज घालणं, त्वचा क्लोरहेक्सिडिननं साफ करणं, शक्यतो जांघ टाळणं आणि गरज संपलेली नळी काढणं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 103 आयसीयूंची माहिती होती. दर 1000 कॅथेटर-दिवसांमागे सरासरी 7.7 असलेला दर दीड वर्षाच्या आसपास 1.4 वर आला. ज्या ठिकाणी हे पाच नियमच नीट पाळले जात नाहीत, तिथे धोक्याचा अंदाज बांधणारी यंत्रणा आणणं म्हणजे क्रम चुकवणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही शिस्त पाळूनही संसर्ग उरतातच. मॉडेलचं खरं काम त्या उरलेल्यांत आहे.

मॉडेल पाहतं काय?

धोका वाढवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आधीपासून माहीत आहेत: नळी किती दिवस आत आहे, तिला आतून किती पोकळ्या (औषध जाण्याचे वेगवेगळे मार्ग) आहेत, ती कुठल्या शिरेत आहे, शिरेतून पोषण चालू आहे का, पांढऱ्या पेशी किती खाली गेल्या आहेत, डायलिसिस आहे का, भाजलेला रुग्ण आहे का, बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे का, परिचारिकांची संख्या पुरेशी आहे का. यांतल्या काहींवरून साधी गुणपत्रिकाही बनवता येते. पिक लाइनसाठी 2017 साली मिशिगनमधून अशी एक आली. रक्ताचा कर्करोग, नजीकच्या काळात झालेला असाच संसर्ग, एकापेक्षा जास्त पोकळ्यांची नळी, शिरेतून पोषण, जोडीला दुसरी सेंट्रल लाइन अशा मोजक्या गोष्टींना तिच्यात गुण आहेत. कागद-पेन घेऊन कुणालाही हे करता येतं, आणि हा गुण मी फार मोठा मानतो.

मशीन लर्निंगची, म्हणजे जुन्या नोंदींतून स्वतःच नियम शोधणारी, मॉडेलं यापुढे जातात. तापमान, नाडी, रक्ततपासण्या, औषधं, ड्रेसिंगच्या नोंदी अशा शेकडो गोष्टी ती एकत्र पाहतात. पण जास्त माहिती म्हणजे जास्त शहाणपण असं होत नाही. एक फसगत वारंवार होते. समजा, 'आज ब्लड कल्चर पाठवलं' ही नोंद मॉडेलला दिली. ते लगेच छान चालायला लागेल, कारण संसर्गाची शंका आली म्हणूनच कल्चर पाठवलं होतं. मॉडेलनं भाकीत केलंच नाही, डॉक्टरांच्या शंकेची फक्त नक्कल केली. परीक्षेत असा गुण मिळवणारं मॉडेल खाटेपाशी निरुपयोगी ठरतं, कारण डॉक्टरला जे आधीच कळलेलं आहे तेच ते उशिरा सांगतं. एखादी तपासणी झालीच नाही, हीसुद्धा माहितीच असते. ठणठणीत वाटणाऱ्या रुग्णाच्या तपासण्या कमी होतात, आणि मॉडेल त्या रिकाम्या रकान्यांतूनही शिकतं.

नळी निघाली, तर धोक्याचं काय?

या विषयातला हा सगळ्यात रंजक आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुढच्या सात दिवसांचा धोका काढायचा आहे असं धरू. त्या सात दिवसांत बहुतेक रुग्णांना संसर्ग होणार नाही, पण बाकी खूप काही होईल. कुणाची नळी निघेल, कुणी घरी जाईल, कुणाचा दुसऱ्याच आजारानं मृत्यू होईल. यांपैकी काहीही झालं की या नळीचा संसर्ग होण्याचा प्रश्न मिटतो. संख्याशास्त्रात यांना प्रतिस्पर्धी घटना म्हणतात.

सोपी पद्धत अशी असते की हे रुग्ण 'पुढचं माहीत नाही' म्हणून मधूनच सोडून द्यायचे. पण त्याचा छुपा अर्थ असा होतो की त्यांची नळी अजून आत आहे आणि मागे उरलेल्यांइतकाच धोका त्यांनाही आहे. खरं तर ते आता धोक्याच्या बाहेर गेलेले असतात. मागे उरतात ते जास्त आजारी, नळी काढता न येणारे. परिणामी आकडा फुगतो. आठ-दहा दिवसांत बहुतेकांच्या नळ्या निघत असतील, तर हा फुगवटा चांगलाच मोठा होतो.

यावर एक चांगला मार्ग आहे. दर सकाळी ज्यांची नळी अजून आत आहे तेवढेच रुग्ण घ्यायचे, त्या क्षणापर्यंतची माहिती वापरायची आणि पुढच्या सात दिवसांत संसर्ग, नळी निघणं, घरी जाणं, मृत्यू यांपैकी काय आधी होईल, याची शक्यता काढायची. उद्या पुन्हा नव्यानं. या पद्धतीत धोका हा रुग्णाच्या कपाळावरचा शिक्का राहत नाही, तो आजच्या स्थितीचा अंदाज होतो.

आकडा वाचायचा कसा?

एक काल्पनिक हिशेब करू. 1000 रुग्णांना सेंट्रल लाइन आहे आणि पुढच्या सात दिवसांत त्यांतल्या 10 जणांना संसर्ग होणार आहे. मॉडेल चांगलं आहे. ते 10 पैकी 8 जणांना अचूक हेरतं आणि उरलेल्या 990 पैकी फक्त 10 टक्क्यांना, म्हणजे 99 जणांना, उगाच धोक्यात दाखवतं. एकूण इशारे झाले 107, त्यांतले खरे 8. म्हणजे इशारा आलेल्या रुग्णाला खरोखर संसर्ग होण्याची शक्यता साधारण 7 टक्के. तेरा इशाऱ्यांमागे एक खरा.

हे वाचून मॉडेल टाकाऊ आहे असं वाटेल. पण धोका 1 टक्क्यावरून 7 टक्क्यांवर गेला, ही माहिती किंमतीची आहे, फक्त तिच्यावर काय करायचं ते जपून ठरवायला हवं. 7 टक्के शक्यतेवर अँटिबायोटिक सुरू केलं, तर तेरापैकी बारा जणांना ते विनाकारण मिळेल आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची पैदास वाढेल. त्याच 7 टक्क्यांवर ड्रेसिंग उचलून छिद्र पाहणं, हब नीट पुसलं जातंय का ते तपासणं, ही नळी आज खरंच लागते का हे विचारणं, यात कुणाचंच नुकसान नाही. म्हणजे एकच आकडा एका कृतीसाठी अपुरा आणि दुसरीसाठी पुरेसा ठरतो. इशारा कुठल्या टक्क्याला द्यायचा, ही रेषा मॉडेलच्या आत सापडत नाही. हाती असलेल्या उपायाची किंमत आणि चुकल्यास होणारी हानी यांवरून ती आखावी लागते. अँड्र्यू व्हिकर्स आणि एलेना एल्किन यांनी 2006 साली मांडलेलं निर्णय-वक्र विश्लेषण नेमकं हेच गणितात बसवतं.

मॉडेलच्या जाहिरातीत सहसा एकच आकडा झळकतो, 'एयूसी'. संसर्ग होणारा एक आणि न होणारा एक असे दोन रुग्ण घेतले, तर मॉडेल पहिल्याला जास्त धोका देईल याची ती शक्यता. 0.5 म्हणजे नाणेफेक, 1 म्हणजे अचूक. पण यानं फक्त क्रम कळतो. मॉडेल ज्यांना '7 टक्के' म्हणतं, त्यांतल्या शंभरात खरोखर सातच जणांना संसर्ग होतो का, हे वेगळं तपासावं लागतं. वर सांगितल्याप्रमाणे निर्णय टक्क्यांवर घ्यायचा असेल, तर क्रम बरोबर पण टक्के चुकीचे असं मॉडेल घातक ठरतं.

बाहेरच्या ठिकाणी तपासणी का हवी, याचं उदाहरण शेजारच्याच विषयात आहे. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेचा, इशारा देणारं, रुग्णालयांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचं मॉडेल अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरात होतं. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्र संशोधकांनी ते तपासलं आणि निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध केले. एयूसी 0.63 निघाली. सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी 67 टक्के त्याच्या नजरेतून सुटले, आणि तरीही दाखल रुग्णांपैकी 18 टक्क्यांसाठी ते इशारे देत होतं. वारंवार खोटा ठरणारा इशारा परिचारिका पाहायचं सोडून देतात, यात त्यांचा दोष नाही. आधीच ताणलेल्या माणसाचं लक्ष ही रुग्णालयातली फार दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ते असं उधळण्याचा अधिकार कुठल्याही सॉफ्टवेअरला नाही.

भाकीत म्हणजे कारण नव्हे

एखादी गोष्ट मॉडेलमध्ये धोका वाढवताना दिसली, म्हणून ती बदलल्यानं धोका घटेलच असं नाही. तीन पोकळ्यांची नळी घातलेल्यांना संसर्ग जास्त होतो. त्यातला काही भाग जादा पोकळीचा असेल, पण काही भाग असाही असेल की जास्त आजारी माणसालाच तीन पोकळ्या लागतात. अँटिबायोटिक चालू असलेल्यांचा धोका कमी दिसला, म्हणून सगळ्यांना अँटिबायोटिक द्या असं होत नाही. 'काय केल्यानं फरक पडेल' याचं उत्तर चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्याच नीट देतात. फ्रान्समधल्या 2015 च्या अशा एका चाचणीत कॉलरबोनखालच्या शिरेत घातलेल्या नळीला संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या मान किंवा जांघेपेक्षा कमी आढळल्या, मात्र फुफ्फुसाला इजा होऊन छातीत हवा भरण्याचं प्रमाण जास्त होतं. असं असूनही नळी कुठे घालायची हे डॉक्टर रुग्ण पाहून का ठरवतात, ते यावरून कळेल. ठराविक दिवसांनी नळी सरसकट बदलत राहणं मात्र सीडीसीच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनी साफ नाकारलं आहे. नवी नळी घालताना नवे धोके येतात आणि संसर्ग टळत नाही.

मॉडेल यशस्वी झालं तर आणखी एक पेच पडतो. इशारा आला, नळी वेळेत काढली, संसर्ग झालाच नाही. नोंदीत हा रुग्ण 'धोका जास्त, संसर्ग नाही' असा जमा होतो, आणि पुढच्या वर्षी या नोंदींवरून मॉडेल तपासलं तर ते चुकलं असं दिसतं. म्हणून वापरात आणल्यावर केवळ जुन्या मापानं त्याचं मूल्यमापन करून भागत नाही. काही विभागांत मॉडेल, काही विभागांत नेहमीची पद्धत, आणि मग दोन्हींकडचे संसर्ग, मृत्यू, अँटिबायोटिकचा वापर यांची तुलना, हा खरा कस.

ज्यांची नळी काढताच येत नाही, अशा रुग्णांचा विचार यात मागे पडतो याचं मला वाईट वाटतं. आतडं काम करत नसल्यानं वर्षानुवर्षं शिरेतून पोषण घेणारे, हाताची शीर डायलिसिससाठी तयार न झालेले, महिनोन्महिने केमोथेरपी चाललेली मुलं. यांना 'नळी लागते का' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी आकड्याचा उपयोग वेगळा असू शकतो: महागडा किंवा त्रासाचा जादा उपाय आधी कुणाला द्यायचा. असा एक उपाय म्हणजे नळी वापरात नसताना तिच्या पोकळीत जंतुनाशक द्रावण भरून ठेवणं. कॅथेटरवर डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत टॉरोलिडीन हे जंतुनाशक आणि हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध यांचं मिश्रण भरलेल्या गटात रक्तातले संसर्ग नुसतं हेपरिन भरलेल्या गटापेक्षा 71 टक्क्यांनी कमी झाले, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेनं याच गटातल्या प्रौढ रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. घरी नळी सांभाळणाऱ्या रुग्णांसाठी अंदाज बांधायचा तर आयसीयूच्या नोंदी पुरणार नाहीत. तिथे हबला हात लावणारी व्यक्ती आई, वडील किंवा स्वतः रुग्ण असतो, आणि त्यांच्या दिवसाची नोंद अजून कुठल्याच संगणकात व्यवस्थित होत नाही.